गिलाव्याच्या छतातील तपासणी छिद्र

गिलाव्याच्या छतातील तपासणी छिद्र म्हणजे छताच्या वरच्या पोकळीत काय आहे हे प्रत्यक्ष पाहता यावे यासाठी गिलाव्यात अथवा जिप्सम फलकात हेतुपूर्वक पाडलेले लहान भोक होय. पाण्याची गळती, लाकडाची कुज, वाळवी, विजेच्या तारांची अवस्था, छत टांगून धरणाऱ्या आधारांची मजबुती अशा गोष्टी खालून दिसत नाहीत. संपूर्ण छत न उतरवता त्या तपासण्याचा हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग समजला जातो. या कामाचे तीन भाग पडतात : जागा निवडून छिद्र पाडणे, तपासणी करून नोंद ठेवणे आणि छिद्र पूर्ववत बुजवणे. तिन्ही भागांची पद्धत छताच्या प्रकारावर अवलंबून असते, म्हणून छत ओळखणे ही या कामाची पहिली पायरी ठरते.

छतांचे प्रकार

लाकडी पट्ट्यांवरील गिलावा : युरोप व उत्तर अमेरिकेतील जुन्या घरांत वाशांच्या खालच्या बाजूस अरुंद लाकडी पट्ट्या थोड्या थोड्या अंतराने ठोकून त्यांवर चुन्याचा गिलावा केला जात असे. पहिल्या थरात चुना, वाळू आणि जनावरांचे केस मिसळलेले असत. ओला गिलावा फटींतून वर ढकलला जाई व पट्ट्यांच्या पाठीवर वळून घट्ट होई. पट्ट्यांमागे तयार झालेल्या या गाठींवरच छताचा सारा भार असतो. साधारण २० मिलिमीटर जाडीच्या अशा गिलाव्याचे वजन दर चौरस मीटरला ३० किलोग्रॅमहून अधिक भरते. गाठी तुटल्या की गिलावा पट्ट्यांपासून सुटतो, पण केसांच्या जाळ्यामुळे तो लगेच न पडता काही काळ लोंबकळत राहतो. वरवर धड दिसणारे छत आतून सुटलेले असू शकते, ते यामुळेच.

तंतुमय जिप्सम गिलावा : प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये तागाचे विरळ कापड व लाकडी पट्ट्या घालून साच्यातून काढलेले तुकडे छताखाली टांगण्याच्या या पद्धतीचे एकस्व इंग्लंडमध्ये १८५६ साली लिओनार्ड अलेक्झांडर देसाशी यांनी मिळवले. नाट्यगृहे, सभागृहे व उपाहारगृहांतील नक्षीदार छते बहुधा या प्रकारची असतात. त्यांचे तुकडे वरच्या सांगाड्याला प्लास्टरमध्ये भिजवलेल्या तागाच्या पट्ट्यांनी बांधलेले असतात.

जिप्सम फलक : दोन कागदांमध्ये जिप्समचा गाभा असलेल्या फलकाचा पूर्वज ऑगस्टिन सॅकेट यांच्या १८९४ च्या अमेरिकी एकस्वात आढळतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या फलकाने पट्ट्यांवरील गिलाव्याची जागा बहुतांशी घेतली. छतासाठी ९.५, १२.५ व १५ मिलिमीटर जाडीचे फलक वापरात आहेत. वाशांमधील अंतर ब्रिटनमध्ये सामान्यतः ४०० किंवा ६०० मिलिमीटर, तर अमेरिकेत १६ किंवा २४ इंच असते.

काँक्रीटच्या स्लॅबवरील गिलावा : भारतात निवासी इमारतींची छते बहुतांशी लोखंडी सळयांच्या काँक्रीट स्लॅबची असतात व स्लॅबच्या खालच्या बाजूस सुमारे ६ मिलिमीटर जाडीचा सिमेंट गिलावा दिला जातो. येथे पोकळी नसते. त्यामुळे तपासणी छिद्राचा अर्थही बदलतो : गिलावा खरवडून काँक्रीट व सळई यांची अवस्था पाहणे हा त्याचा हेतू असतो.

छिद्र पाडण्याची कारणे

तपासणी छिद्र पुढील कारणांसाठी पाडले जाते :
- वरच्या मजल्यावरील नळ, स्नानगृह किंवा छपरातून होणाऱ्या गळतीचा उगम शोधणे.
- वासे, तुळया व त्यांची भिंतीत रुतलेली टोके यांत कुज, वाळवी किंवा लाकूड पोखरणारे किडे आहेत का ते पाहणे.
- टांगलेल्या छताच्या तारा, पट्ट्या व खिळे यांची मजबुती तपासणे.
- विजेच्या तारा, नळ व वातानुकूलनाच्या नळ्यांचा मार्ग निश्चित करणे.
- नूतनीकरणापूर्वी बांधकामाचे थर, वाशांची दिशा, आकार व अंतर जाणून घेणे.

छिद्र न पाडता माहिती मिळत असेल तर तोच मार्ग अधिक श्रेयस्कर असतो. पोटमाळ्यातून वा वरच्या मजल्याची फळी उचलून पोकळी दिसत असेल, अथवा दिव्याची खोबण काढून आत पाहता येत असेल, तर छताला हात लावण्याचे कारण उरत नाही. ओलावामापक व अवरक्त प्रतिमा घेणारा कॅमेरा यांनी ओलीचा विस्तार कळतो, मात्र कारण कळत नाही. कारण निश्चित करण्यासाठी अखेर डोळ्यांनीच पाहावे लागते.

पूर्वतयारी

धोकादायक पदार्थ : जुन्या छतांवरील खरबरीत नक्षीदार लेपांत, तसेच फलकांत व उष्णतारोधक थरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसच्या वापरावर संपूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. त्यामुळे त्याआधीच्या छतांत ते असण्याची शक्यता गृहीत धरून प्रथम नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतात. जुन्या रंगांत शिसे असते. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी घालण्यात आली. भारतात २०१६ च्या नियमांनुसार घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करण्यात आले आहे. असा रंग कोरडा घासू नये.

वीज व पाणी : पोकळीतून जाणाऱ्या विद्युतमंडलाचा प्रवाह मुख्य फलकावरून बंद करून, तो खरोखर बंद झाला आहे याची मापकाने खात्री केली जाते. केवळ दिव्याचे बटण बंद करणे पुरेसे नसते. पाण्याचे नळ जात असल्यास पाणी बंद करण्याची चावी कोठे आहे हे आधी पाहून ठेवतात.

छताची मजबुती : बोटांच्या पेरांनी किंवा लाकडी दांडीने हलके ठोकले असता घट्ट गिलावा टणक आवाज देतो, तर सुटलेला गिलावा पोकळ, ढब असा आवाज देतो. तळहाताने हळूच दाबल्यावर छत वर सरकत असेल तर गाठी तुटल्याचे ते लक्षण होय. अशा ठिकाणी छिद्र पाडण्यापूर्वी लाकडी फळी व टेकूंनी छताला खालून आधार दिला जातो. पाण्याने फुगून खाली आलेल्या छताखाली उभे राहणे धोक्याचे असते. प्रथम खोली रिकामी करून, बाजूला उभे राहून, फुगवट्यात लांब दांडीच्या टोकाने बारीक भोक पाडून साचलेले पाणी बादलीत उतरवतात.

वाशांचा शोध : जिप्सम फलकात वासे इलेक्ट्रॉनिक शोधकाने किंवा स्क्रूवर चिकटणाऱ्या लोहचुंबकाने सापडतात. पट्ट्यांवरील गिलाव्यात हे शोधक अनेकदा फसतात, कारण पट्ट्या व खिळे सर्वत्र असतात. तेथे खिळ्यांच्या रांगा चुंबकाने शोधून वाशांची दिशा ठरवणे अधिक भरवशाचे असते.

जागेची निवड

पाण्याचा डाग जेथे दिसतो तेथेच गळती असते असे नाही. पाणी वाशाच्या वा नळाच्या कडेने दूरवर वाहत जाऊन सर्वांत खालच्या जागी अथवा जोडावर बाहेर पडते. म्हणून पहिले छिद्र डागाजवळ, तर दुसरे चढाच्या दिशेने घेतात. लाकडाची कुज तपासायची असल्यास वाशाचे भिंतीत शिरणारे टोक महत्त्वाचे असते, कारण ओल तेथेच प्रथम पोचते. कपाटाच्या आत, पडद्याच्या पट्टीमागे किंवा दिव्याच्या चकतीखाली झाकली जाईल अशी जागा मिळाल्यास ठिगळ दिसत नाही. नक्षी, कंगोरा व चित्रकाम असलेला भाग टाळला जातो.

छिद्राचा आकार गरजेपुरताच ठेवतात. नलिकादर्शकासाठी १० ते १२ मिलिमीटर व्यासाचे भोक पुरते. आरसा व विजेरीने पाहण्यासाठी ५० ते १०० मिलिमीटर, तर हात व डोके आत घालण्यासाठी दोन वाशांमधील मोकळ्या जागेएवढी चौकट लागते. प्रथम सर्वांत लहान भोक पाडून पाहणे आणि आवश्यकता पटल्यावरच ते वाढवणे हा या कामातला सर्वमान्य क्रम आहे.

छिद्र पाडण्याच्या पद्धती

जिप्सम फलक : पेन्सिलीने आखणी करून कागदाचा थर धारदार पात्याने कापतात व अणकुचीदार हातकरवतीने फलक कापतात. करवतीचे पाते फलकाच्या जाडीपेक्षा फार आत जाऊ देत नाहीत, कारण वर तार किंवा नळ असू शकतो. याच कारणासाठी यांत्रिक करवतीपेक्षा हातकरवत पसंत केली जाते. पाते किंचित तिरपे धरून, खालचे तोंड मोठे व वरचे लहान राहील असे कापल्यास काढलेला तुकडा नंतर त्याच जागी वर दाबून नीट बसतो. तुकड्यावर दिशादर्शक खूण करून तो जपून ठेवतात. आयताकृती छिद्र बुजवण्यास सोपे असते, कारण त्याच्या दोन कडा वाशांवर आणता येतात.

लाकडी पट्ट्यांवरील गिलावा : हातोडा व छिन्नी यांचा वापर येथे निषिद्ध मानला जातो. प्रत्येक आघाताने पट्टी हलते व दूरवरच्या गाठी तुटतात. छिद्राच्या परिघाबाहेर सच्छिद्र धातूच्या चकत्या व स्क्रू लावून गिलावा आधी पट्ट्यांना आवळून घेतात. मग रेषेवर चिकटपट्टी लावून गिलावा पात्याने खोलवर चिरतात अथवा आघात बंद ठेवलेल्या यंत्राने बारीक भोकांची रांग पाडून तो थरथराट न होता सुटा करतात. पट्ट्या उघड्या पडल्यावर त्या बारीक दातांच्या करवतीने, हाताने धरून, एकेक करून कापल्या जातात. गोल छिद्राला कोपरे नसल्याने तडे जाण्याची शक्यता कमी असते. शक्य असेल तेथे पट्ट्या न कापता केवळ दोन पट्ट्यांमधल्या फटीतून नलिकादर्शक घालतात.

धूळ : शंभर वर्षांच्या पोकळीत काजळी, उंदरांची विष्ठा व गिलाव्याची भुकटी साचलेली असते. जमिनीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरून, छिद्रालगत निर्वात झाडूचे तोंड धरून काम केले जाते. चष्मा व सूक्ष्मकण अडवणारा मुखपट्टा आवश्यक मानला जातो. छताकडे पाहत काम होत असल्याने डोळ्यांना होणारी इजा हा नेहमीचा अपघात आहे. साध्या शिडीऐवजी सपाट फळीची परांची वापरल्यास दोन्ही हात मोकळे राहतात.

तपासणी व नोंद

प्रत्येक छिद्राला क्रमांक देऊन त्याचे स्थान छताच्या आराखड्यावर भिंतींपासूनच्या अंतरासह नोंदवतात. छायाचित्रात मोजपट्टी ठेवल्याने वस्तूंचा आकार नंतरही कळतो. वाशांची दिशा व माप, लाकडातील ओलाव्याचे प्रमाण, तारांचा व नळांचा मार्ग, पट्ट्यांमागील गाठींची अवस्था या बाबी लिहून ठेवल्या जातात. लाकडातील ओलावा सातत्याने २० टक्क्यांहून अधिक असल्यास कुज लागण्याचा धोका संभवतो. लाकडात सुई सहज रुतली तर वरचा भाग धड दिसत असूनही आतून ते कुजलेले असण्याची शक्यता असते. काहीही दोष न आढळणे हीसुद्धा नोंद होय. अन्यथा काही वर्षांनी दुसरा कारागीर तेच छत पुन्हा कापतो.

छिद्र बुजवणे

गळती दुरुस्त होऊन पोकळी पूर्ण वाळल्याखेरीज छिद्र बुजवत नाहीत. ओलसर छतावर लावलेले ठिगळ सुटते, आणि आत कोंडलेल्या ओलीमुळे बुरशी धरते. उघडे छिद्र हे वाळण्यासाठीचे झरोकेच असते.

लहान भोके : १५ मिलिमीटरपर्यंतची भोके कडा ओलसर करून जिप्समच्या भरणीने दोन थरांत भरतात. पहिला थर किंचित आत ठेवतात, कारण भरण वाळताना आकसते.

जिप्सम फलकातील मोठी छिद्रे : छिद्राच्या आत दोन लाकडी पट्ट्या आडव्या घालून त्या फलकाच्या पाठीला स्क्रूने आवळतात. काढलेला अथवा त्याच जाडीचा नवा तुकडा त्यांवर स्क्रूने बसवला जातो. स्क्रूचे डोके कागद न फाडता किंचित खाली जावे लागते. जोडांवर कागदी पट्टी व जोडभरणीचे तीन पातळ थर दिले जातात. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद असतो, जेणेकरून उंचवटा हळूहळू छतात विरून जातो. एकच जाड थर दिल्यास त्याला हमखास तडे जातात. दुसऱ्या एका पद्धतीत नव्या तुकड्याच्या चारही कडांचा जिप्सम काढून टाकून फक्त पुढचा कागद सुमारे ५० मिलिमीटर बाहेर राखतात. हा कागदच जोडपट्टीचे काम करतो, त्यामुळे लहान आकाराच्या छिद्राला मागून आधार द्यावा लागत नाही. थंड प्रदेशांत फलकामागे बाष्परोधक पापुद्रा असतो. तो कापला असल्यास आधी त्याला योग्य चिकटपट्टीने जोडतात, अन्यथा खोलीतील बाष्प पोकळीत जाऊन थंड लाकडावर साकळते.

चुन्याचा गिलावा : कापलेल्या पट्ट्यांच्या जागी नव्या पट्ट्या किंवा ताणलेल्या धातूची जाळी वाशांना बांधून घेतात. जुन्या गिलाव्याच्या कडा पाण्याने भिजवतात, नाहीतर कोरडा गिलावा नव्याचे पाणी शोषून घेतो व जोड उलतो. चुन्याचे काम तीन थरांत होते : केसयुक्त खरबरीत थर, सपाटीचा थर व पातळ झिलईचा थर. पहिल्या थरावर ओलेपणीच ओरखडे काढून ठेवतात, म्हणजे पुढच्या थराला पकड मिळते. चुना हवेतील कर्बद्विप्राणिद वायू शोषून घट्ट होतो. ही क्रिया सावकाश चालते व तिला ओलावा लागतो. म्हणून दोन थरांत पुरेसा अवधी ठेवून गिलावा अधूनमधून शिंपतात. सिमेंट किंवा प्लॅस्टिकयुक्त चिकट लेप जुन्या चुन्यावर वापरणे योग्य नाही. ते चुन्यापेक्षा कडक व बाष्पाला अभेद्य असल्याने कडांशी तडे पडतात.

घासकाम व रंग : ठिगळ काचकागदाने हलके घासून, तिरप्या प्रकाशात विजेरी धरून उंचवटे तपासले जातात. नवी भरण व जुना रंग वेगवेगळ्या प्रमाणात रंग शोषत असल्याने ठिगळावर प्रथम अस्तर देतात. एवढे करूनही ठिगळापुरता रंग वेगळा दिसू शकतो. म्हणून छत भिंतीपासून भिंतीपर्यंत एकसलग रंगवण्याची शिफारस केली जाते.

आगीपासून संरक्षण

जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी रासायनिक रूपात बद्ध असते. आग लागल्यावर हे पाणी बाष्प होऊन निघून जाईपर्यंत फलकामागील लाकूड फार तापत नाही. दोन बिऱ्हाडांमधील, जिन्यावरील किंवा वाहनघरावरील छत अनेकदा याच कारणासाठी जाड फलकाचे असते. त्यात पाडलेले भोक नुसत्या पातळ फळीने वा फेसाने झाकल्यास आग व धूर यांना वाट मिळते. तेथे मूळ जाडीचाच फलक बसवावा लागतो, किंवा वारंवार तपासणी करायची असल्यास अग्निरोधक प्रमाणित झडप लावावी लागते.

अपोलो थिएटरची दुर्घटना

तपासणी न झालेल्या छताचा धोका लंडनमधील अपोलो थिएटरच्या घटनेने जगासमोर आणला. १९०१ साली सुरू झालेल्या या नाट्यगृहात १९ डिसेंबर २०१३ रोजी प्रयोग चालू असताना छताचा मोठा भाग प्रेक्षकांवर कोसळला. ७० हून अधिक जण जखमी झाले. छताचा लाकडी सांगाडा वरच्या आधारांना बांधून ठेवणाऱ्या ताग व प्लास्टरच्या जुन्या पट्ट्या कालौघात कमकुवत झाल्या होत्या, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. बिघाड छताच्या वरच्या बाजूस असल्याने केवळ खालून पाहून तो कळणे शक्य नव्हते. यानंतर असोसिएशन ऑफ ब्रिटिश थिएटर टेक्निशियन्स या संस्थेने टांगलेल्या तंतुमय छतांच्या तपासणीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. छताच्या पाठीकडे जाण्याची सोय असणे आणि नसल्यास ती निर्माण करणे किती आवश्यक आहे, हे या घटनेने अधोरेखित केले.

वारसा वास्तूंमधील दृष्टिकोन

संरक्षित वास्तूत गिलावा हा स्वतःच ऐतिहासिक पुरावा असतो. पट्ट्या फाडलेल्या आहेत की करवतीने कापलेल्या, खिळे घडीव आहेत की यंत्रनिर्मित, केस कोणत्या प्रकारचे आहेत, यांवरून बांधकामाचा काळ ताडता येतो. त्यामुळे अशा ठिकाणी छिद्र पाडण्यापूर्वी संबंधित प्राधिकरणाची परवानगी घेतली जाते, काढलेला तुकडा जपला जातो आणि दुरुस्ती मूळ द्रव्यांनीच केली जाते. ठिगळ दुरून एकजीव दिसावे, पण जवळून व नोंदींतून ओळखता यावे, असे संवर्धनाचे तत्त्व आहे.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत कड्यांवर फळ्या बसवून लाकडी तक्तपोशी केलेली असे, तर दिवाणखान्यात कापडाचे छत ताणून बांधण्याचीही रीत होती. त्यामुळे लाकडी पट्ट्यांवरील गिलाव्याची छते येथे युरोपाइतकी रुळली नाहीत. आजच्या शहरी घरांत व कार्यालयांत मात्र स्लॅबखाली लोखंडी पन्हळींच्या सांगाड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा जिप्सम फलकांचे दुय्यम छत सर्रास केले जाते. बोलीत त्याला फॉल्स सीलिंग किंवा पीओपी असे म्हणतात. वरच्या मजल्यावरील स्नानगृहाची गळती या छताआड महिनोन्महिने लपून राहते, आणि डाग दिसेपर्यंत स्लॅबमधील सळया गंजू लागलेल्या असतात. म्हणून अशा छतात स्नानगृहाखाली व वातानुकूलन यंत्राजवळ पहिल्यापासूनच उघडझाप करता येणारी झडप ठेवणे सोयीचे ठरते.

स्लॅबच्या तपासणीत प्रथम हातोडीने हलके ठोकून पोकळ आवाजाचे भाग खडूने आखतात. निवडक ठिकाणी गिलावा काढून सळईवरचे आच्छादन मोजले जाते. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीनुसार सौम्य वातावरणात हे आच्छादन किमान २० मिलिमीटर अपेक्षित आहे. ताज्या तुटलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण शिंपडल्यास अल्कधर्मी काँक्रीट गुलाबी होते. ज्या भागात रंग येत नाही तेथे कर्बनीकरण झालेले असून सळईचे नैसर्गिक संरक्षण संपलेले असते. मुंबई महानगरपालिका अधिनियमातील कलम ३५३ ब अन्वये ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. स्लॅबची अशी चाचणी तिचा एक भाग असू शकते.

स्लॅबमधील सळई कोणत्याही परिस्थितीत कापू नये. सुटलेले काँक्रीट काढून, गंज घासून, सळईला गंजरोधक लेप देऊन बहुवारिकयुक्त मसाल्याने छिद्र बुजवले जाते. पोपडे पडलेल्या स्लॅबवर नुसता नवा गिलावा किंवा लांबी चढवल्यास गंज आतल्या आत वाढत राहतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असल्याने काही काळाने तो नव्या गिलाव्यासह काँक्रीटही खाली पाडतो. पावसाळ्यात केलेली डागडुजी टिकत नाही, म्हणून गळतीची नोंद पावसात घेऊन स्लॅब वाळल्यावर दुरुस्ती करण्याचा प्रघात आहे.

हेही पाहा
- गिलावा
- जिप्सम
- प्लास्टर ऑफ पॅरिस
- चुना
- ॲस्बेस्टॉस
- काँक्रीट